तिच्या हातांचा गुण

महानारायण तेलाचा वास आला की मला सुरतच्या अडाजणमधला तो दवाखाना आठवतो. सुरतजवळच्या सचिन गावातल्या मिलमध्ये दिवसभर उभं राहून ह्यांची पाठ धरायची आणि संध्याकाळी मी ती ह्याच तेलाने चोळायची. शेवटी शेजारणीच्या सांगण्यावरून आम्ही हाताने मणके मोकळे करणाऱ्या एका तरुण कायरोप्रॅक्टरकडे गेलो. तिने आधी ह्यांचं प्रेशर मोजलं, मग पाठीवर तळवे ठेवून हलकासा झटका दिला. कट्कन आवाज झाला आणि हे असे सुखाने "हाऽऽश" म्हणाले, जसे माझ्या हातांखाली कधीच म्हणाले नव्हते. माझा नुसता जळफळाट झाला. पुन्हा मोजलं तर प्रेशर थोडं उतरलेलं, म्हणून हे खूश होऊन म्हणाले, "आता प्रेशरच्या गोळ्या बंद!" मी घाबरून म्हटलं, "अहो, भलतंच काय!" तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती मात्र हसून म्हणाली, "काका, गोळी बंध नथी करवानी, बंद नाही करायची हं. मी पाठ मोकळी केली, हृदयाला गोळीच लागते." लगेच हे शहाण्या मुलासारखे मान हलवून "हा, बेन" म्हणाले. त्या गोळीसाठी मी वर्षानुवर्षं घसा फोडत होते! तेव्हापासून ह्यांनी एकही गोळी चुकवलेली नाही. आज ह्यांची तब्येत ठणठणीत आहे, त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते; तिचे मानायला मात्र माझी जीभ अजून वळत नाही.