चार दिवसांचं पाणी

थोरल्या महाराजांच्या राज्यातली गोष्ट सांगते. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात आमच्या परसात अठरा कोंबड्या होत्या. नवरा तालमीत जायचा, त्याच्या खुराकाला अंडी लागायची. त्यामुळं घरात पहिला मान पैलवानाचा, दुसरा कोंबड्यांचा. माझा नंबर कुठं लागायचा ते तुम्हीच ओळखा.

चैताचं ऊन होतं. माहेराहून, गडमुडशिंगीहून, सांगावा आला, आई अंथरुणाला खिळलीय, लेकीची वाट बघतीय. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. जाऊ का म्हणून विचारलं.

"जा की," त्या म्हणाल्या. "पण कोंबड्यांस्नी पाणी कोण ठेवणार? माझं गुडघं गेल्यात. तुझी आई येणार हाय व्हय?"

खोटं नव्हतं ते. कोंबड्या दिवसातनं पाचदा पाणी सांडायच्या.

मग मला आठवलं, भांडी घासताना एकदा भरला तांब्या परातीत पालथा पडला होता. काठाला पोचा होता, तिथनं थोडं पाणी आलं नि थांबलं. परातीतलं काढलं की पुन्हा थोडं यायचं. मग काय! शेजारी पत्र्याची कामं करणाऱ्या मुसलमानांचं घर. तिथल्या चाचींनी घासलेटचा जुना डबा तोंड कापून दिला. मी तो राखेनं तीनदा घासला, काठापासून दोन बोटांवर खिळ्यानं भोक पाडलं, पाण्यानं भरला, वर परात झाकली आणि आम्ही दोघींनी धरून उलटा केला. भोक बुडलं तसं पाणी थांबलं. कोंबड्या प्याल्या, भोक उघडं पडलं, आत गुडगुड झालं, परात पुन्हा भरली.

"या अल्ला!" चाची म्हणाल्या. "कोंबड्यांस्नी नळ आला की गं!"

एका भरणीला चार दिवस. आत्याबाईंनी गल्ली गोळा केली. "बघा माझ्या सुनंचं डोकं!" मीही फुगले. म्हटलं, आता जाऊ?

"आता हात मोकळा झाला न्हवं? मग शेवया कर. वाळवण झालं की जा."

शेवया झाल्या. मग पापड निघाले. नवव्या दिवशी माहेरचा एक माणूस दारात आला. "या पावणं, पाणी घ्या," आत्याबाई म्हणाल्या. त्यानं पाणी घेतलं नाही. मी समजले.

आत्याबाई परसात गेल्या, डब्यावर टिचकी मारून आल्या. "भरलाईस न्हवं?"

"व्हय. सकाळीच."

"मग जा. डबा रिकामा व्हायच्या आत ये."

नवरा दुधात अंडी फोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

आईची राख सावडली आणि चौथ्या दिवशी मी निघाले. भाऊ आडवा आला. "आक्का, दहाव्याला तरी थांब की."

"कोंबड्या तहानल्या असतील रे," मी म्हणाले. माझ्याच तोंडून गेलं ते. तो बाजूला झाला आणि मग वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

उन्हातनं तीन कोस चालत आले ती थेट परसात. डबा हलवून बघितला, तर जड. कुंपणापलीकडनं चाची ओरडल्या, "आगं, कशाला आलीस येवढ्यात? कालच माझ्या सुनंला घेऊन भरला की मी! तुझ्या सासूला सांगिटलं हुतं, राहू दे तिला दहाव्यापतोर."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या उंबऱ्यावर बसून डाळ निवडत होत्या.

"आता आलीयास तर परात घास," त्या म्हणाल्या. "शेवाळ धरलंय."