म्हसोबापुढची माती

नव्वदच्या दशकाअखेरच्या एका उन्हाळ्यात सायखेड्याच्या एस.टी.त बसलो, तेव्हा मी संतापलेलो होतो. दाजींची, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांची, द्राक्षबाग वाळत चालली होती. कारखान्याच्या नाल्याचे पाणी बागेत शिरते, अशी तक्रार मी कलमवार लिहून दिली होती. माती तपासायला आलेल्या सरकारी साहेबांच्या अहवालातील ‘माती निरोगी आहे’ या एका वाक्याने ती निकालात निघाली. मग दोष वेलींचाच, असे मानून दाजी बाग तोडायला निघाले होते. न्यायालयातील नोकरीत मी खोटे अहवाल पुष्कळ पाहिले. हाही त्यांतलाच, अशी माझी खात्री होती.

शेजारी दाजींची मुलगी सुनंदा होती. ती नाशिकच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असे. तिच्या मांडीवर मातीचे नमुने आणण्यासाठी बर्फाचा डबा होता.

चांदोरी मागे पडली, गोदावरीचा पूल आला. पात्रात पाण्यापेक्षा खडकच अधिक दिसत होता. फाट्यावर दाजी उभे होते. मी वकील नव्हतो, पण ते थट्टेने तसेच म्हणत.

“या वकीलसाहेब! आज कोणाला नोटीस?”

घरी भाकरी, ठेचा आणि ताक झाले.

बागेत शिरताच सुनंदाने वडिलांना विचारले, “आप्पा, साहेबांनी माती कुठली नेली?”

दाजींनी बांधावरच्या लिंबाखालचा शेंदरी दगड दाखवला. तो म्हसोबा (शेताचा राखणदार). “तिथली. मीच म्हनलं, देवापुढची न्या, ती खोटं बोलनार नाय. साहेब म्हनले, बरंय, सावली बी हाय.”

“तिथं कधी नांगर गेला? नाल्याचं पाणी गेलं?”

“देवाच्या अंगावर नांगर घालू का गं?”

“मग वेलीचं दुखणं त्या मातीला कसं कळणार?”

“देवाला समदं कळतं.”

“देवाला कळत असेल, आप्पा. मातीला चार पावलांपलीकडचं कळत नाही.”

दाजींच्या श्रद्धेला मी दोष देत नाही. परंतु जागा निवडण्याचा अधिकार ज्याचा, ती पारखण्याचे कर्तव्यही त्याचेच. साहेबांनी सावली निवडली.

सुनंदाने दगडापाशी, वेलीच्या बुंध्याशी आणि दोन ओळींच्या मधोमध खणले. प्रत्येक ठिकाणी आधी चार बोटे, मग वीतभर. दर वेळी खुरपे स्पिरिटने पुसले. “मुळाशी जिवाणूंची जी वस्ती असते, ती हातभर बाजूला नसते, मामा. खाली गेलं की आणखी निराळी.”

वेलीची वरची माती आंबूस होती. खालची दाजींनी नाकाशी नेली; तिला तो आंबूस वास नव्हता.

“प्रयोगशाळेतल्या बशांत जिवाणू उगवेपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही,” ती म्हणाली.

“आन नाय उगवले तर?”

तिने डबा बंद केला.

काही दिवसांनी तिने मला काचेच्या बशा दाखवल्या. म्हसोबापुढच्या मातीत ठिपक्यांचे नाना रंग, नाना आकार. वेलीच्या वरच्या थरात जवळजवळ एकच जात. वीतभर खाली मात्र पुन्हा गजबज. “बशीत उगवतात ते थोडेच,” तिने बजावले, “पण इजा वरून उतरते आहे. खालपर्यंत पोचलेली नाही.”

दाजींनी कुऱ्हाड ठेवली आणि नाल्याचे पाणी अडवायला त्या बाजूने चर खणायला घेतला. मी नवा अर्ज लिहायला बसलो. अहवाल खोटा, असे लिहिता येईना. जेवढी माती उचलली तेवढ्यापुरता तो खराच होता. सातबाऱ्यावर गट क्रमांक एकच, म्हणून सारे शेतही एकसारखे, असे आयुष्यभर मीही मानत आलो होतो.

उन्हाळा संपला तरी उत्तर आले नव्हते. वेली वाचतील की नाही, हेही ठाऊक नव्हते. त्या अर्जात मात्र जागा आणि खोली नमूद केल्याशिवाय ‘माती’ हा शब्द मी कोठेही वापरला नव्हता.