आमच्या तळघरातला बंद ब्लोअर

आज ऑनलाइन वर्गात नैरोबी आणि मस्कतमधल्या नोकरदार इंजिनिअरांना सांडपाणी शुद्धीकरण शिकवत होते. एकानं विचारलं, "मॅडम, तुमच्या बिल्डिंगमधला प्लांट दाखवाल?"

मी काय मागे हटते! फोन घेऊन थेट तळघरात गेले. बोगादी भागातल्या आमच्या अपार्टमेंटचं सगळं सांडपाणी तिथं येतं.

बघते तर टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद! हवा नाही म्हणजे घाण खाणारे जीवाणू मेले. पाणी तसंच घाण नाल्यात.

मी कॅमेरा वळवला नाही. "नीट बघा, चांगला प्लांट असा मरतो," म्हटलं आणि ब्लोअर चालू केला.

लगेच असोसिएशनचे सेक्रेटरी शंकरकाका धावत आले. "अय्यो, स्वल्प, थोडा वेळ बंद कर ग! दुपारची झोप होत नाही, म्हणून मीच बंद करायला लावलाय."

"काका, दोन देशांतले इंजिनिअर ऐकतायत."

तेवढ्यात नैरोबीची विद्यार्थिनी म्हणाली, "आमच्याकडंही लोक आवाजावरून ओरडले होते. आम्ही ब्लोअर बंद नाही केला, त्याच्याभोवती आवाज अडवणारी पेटी बसवली."

काका फोनजवळ सरकले. "केवढी पेटी?"

तुमच्या बिल्डिंगचा प्लांट आवाज करतो का? अगदी शांत असेल, तर आजच खाली जाऊन बघा.