उदासीचा फॉर्म

नर्सच्या खिशात पेन टिकत नाही, डॉक्टर घेऊन जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साठतच राहतात. चिखलीच्या आमच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं नर्स आहे, आणि हे एका महिन्यातलेच.

झालं असं, की नर्सिंग कॉलेजची एक मुलगी अभ्यासासाठी आली. नर्सना नैराश्य येतं का, आणि नोकरीची वर्षं वाढली की ते कमी होतं का, हे तिला प्रश्नांचे फॉर्म भरून घेऊन शोधायचं होतं. आमच्या इन्चार्ज वानखडे सिस्टरनी फॉर्म हातातही घेतला नाही. "नव्या पोरींले द्या. मले सव्वीस वर्षं झाली. आता उदास व्हाची सवय सुटली." आम्ही सगळ्या हसलो.

*

फॉर्म आम्ही आमच्या पद्धतीनं भरले. म्हणजे शबानानं पहिला भरला आणि बाकी सात जणींनी त्यावरून उतरवला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी धावत आली. आठही जणींना आठवड्यातून दोनदा झोप येत नव्हती आणि आठही जणींचं नवऱ्याशी पटत नव्हतं. त्यात रूपालीचं तर लग्नच व्हायचं होतं!

"राहू द्या," रूपाली म्हणाली, "पुढं कामी येईन."

*

मग त्या मुलीनं एकेकीला समोर बसवायचं ठरवलं. शबानाला विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत रडावंसं वाटलं?"

"थांब, सलाईन संपलं." परत आली. "हां, काय विचारत होती?"

पुन्हा तोच प्रश्न. "थांब, इंजेक्शनची वेळ झाली."

असं पाचदा झाल्यावर ती मुलगीच रडायला लागली. शबानानं सवयीनं तिचं बीपी घेतलं, चहा पाजला आणि फॉर्मवर लिहिलं: रडली, आता बरी आहे.

*

दुसरबीड गावच्या एका पेशंट मुलीच्या भावानं तक्रार केली, की मोठ्या सिस्टर हसून बोलत नाहीत. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं म्हणून वानखडे सिस्टर त्या पेशंटकडे बघून हसल्या. तिची आई घाबरून माझ्याकडे पळत आली. "बाई, खरं सांग, माह्या पोरीचं काही जास्त आहे का? मोठ्या सिस्टर तिले पाहून हसून राह्यल्या."

मी हे स्टाफरूममध्ये रंगवून सांगितलं. सिस्टर तिथंच होत्या. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत, नुसत्या भिंतीकडे बघत राहिल्या. पण त्यांना विचारायची हिंमत कुणात होती?

*

आमच्या वॉर्डात बेड बारा. दुपारी दोनला ड्युटी बदलते, तेव्हा जाणारी एकेका बेडची हकिकत सांगते आणि येणारी रजिस्टरात उतरवून घेते. त्या दिवशी वानखडे सिस्टर सांगत होत्या, मी लिहीत होते. "बारा नंबर, टाके सुकले, उद्या सुट्टी." मी पेनाला टोपण लावलं.

"तेरा नंबर," सिस्टर म्हणाल्या.

मी वर बघितलं. त्या रजिस्टराकडेच बघत होत्या, आवाजही रोजचाच.

"बाई, वय त्रेपन्न. महिना झाला झोप नाही. जेवण नाही. कारण नसताना रडते. डॉक्टरले अजून कोणी सांगितलं नाही."

मी टोपण काढून सगळं लिहून घेतलं. मग रोजच्यासारखं विचारलं, "सोबत कोण आहे, सिस्टर?"

"कोणी नाही."

'सोबत कोण' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. सिस्टरनी ते वाचलं, आणि खाली सही केली.