पाय धुण्याचा प्रवेश

खांदा कॉलनीत शाळेची व्हॅन चालवणाऱ्यांत विनिता भालेराव ही एकटी बाई. नवरा गेला तेव्हा त्याची व्हॅन विकत घ्यायला आलेल्या माणसाला तिनं चहा पाजून परत पाठवलं आणि स्वतः लायसन काढलं. आवाज खणखणीत. मागच्या सीटवरची भांडणं ती आरशात न बघता मिटवते.

तिचं दुसरं काम चर्चमधलं. तिथली मराठी मंडळी दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक करते, आणि पडद्याआडून संवाद सांगायला विनिता बसते. यंदा त्याआधीच्या उपासांत, ऐन लेंटमध्ये, प्रभूचं काम करणाऱ्या सत्यजीतची बदली गुजरातेत झाली. तरुण पोरं अंग चोरू लागली, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "शोधता कशाला? सगळं पाठ असलेलं माणूस समोरच बसलंय."

चर्चच्या पंचांच्या बैठकीत यावर बरीच भवति न भवति झाली. विरोध मुख्यतः धर्मराजकाकांचा. पनवेलच्या एसटी डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी कुठली गाडी कुठं लागावी हे अजून तेच ठरवत.

"प्रभू पुरुष म्हणून जन्मला, विनिताबाई. एवढं तरी राहू द्या."

"दाढी लावते की, काका. सत्यजीतला तरी कुठं येत होती? त्यालाही चिकटवतच होतो."

बैठक हसली. काका हसले नाहीत.

"दाढीचं सोडा, आदल्या गुरुवारच्या पाय धुण्याचं बोला. धनी खाली बसून नोकरांचे पाय धुतो, त्यात धक्का आहे. बाई पाय धुताना दिसली तर कोणाला काय वाटणार? आपल्याकडं ते रोजचंच."

विनिताला राग आला. म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच आला. शेवटी ठरलं ते काकांच्याच तोंडून: गुरुवारी जमलं, तर शुक्रवारी विनिता. नाही जमलं, तर यंदा नाटकच नाही, नुसतं शास्त्रवाचन.

गुरुवारच्या प्रवेशाला या मंडळीत स्टेज नसतो. शिष्य म्हणून खरेखुरे पंच पहिल्या बाकावर बसतात, चपला काढतात, आणि प्रभूचं काम करणारा खऱ्या घंगाळातल्या पाण्यानं त्यांचे पाय धुतो. बायका डावीकडच्या बाकांवर बसतात. तिकडं घंगाळ कधी गेलेलं नाही. परक्या पुरुषानं बायकांच्या पायांना हात कसा लावायचा?

संध्याकाळी पांढरा झगा घालून, कमरेला टॉवेल बांधून विनिता आली. दाढी तिनं लावली नव्हती. पहिले बसले होते प्रभाकरकाका, मंडळीतले सर्वांत वयस्कर. ती गुडघे टेकून वाकली, त्यांच्या पायावर पाणी ओतलं आणि काकांचा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला.

"सुखी राहा, बाळ."

आधी मागून एक फिस्सकन आवाज आला. मग अख्खं चर्च हसलं. प्रभाकरकाकांनी जीभ चावली. शेजारी बसलेल्या धर्मराजकाकांनी विनिताकडं पाहिलं. 'सांगितलं होतं' असं म्हणायचीही त्यांना गरज नव्हती.

पुढचे पाय त्यांचेच होते. तिथं वाकलं की पुन्हा तेच दिसणार, सासऱ्याचे पाय धुणारी सून. विनिता उठली. घंगाळ उचललं आणि मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला गेली. पहिल्याच बाकावर तिची सून कोमल बसली होती. बेलापूरच्या ऑफिसातून थेट आलेली, पायात अजून बूट.

विनिता तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

कोमलनं पाय बाकाखाली ओढले. "आई, काय करताय? नको! लोक बघतायत!"

हसणं थांबलं. पेत्र या शिष्यानं पाय मागं घ्यायचा, नको म्हणायचं, हे नाटकात होतंच. पण कोमलला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला होता. मागच्या बाकांवरच्या सासवा उभ्या राहून पाहू लागल्या. एकीनं शेजारणीला विचारलं, "खरंच धुतेय का गं?"

विनितानं प्रभूचं ठरलेलं वाक्य म्हटलं: धुऊ दिलं नाहीस, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. आवाज व्हॅनमधला नव्हता. हळू होता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेला. कोमलनं पाय पुढं केला. पाणी पडताना ती रडू लागली आणि विनितानं टॉवेलनं एकेक बोट पुसलं.

मग ती परत पंचांकडं आली. धर्मराजकाकांनी पँट घोट्यापर्यंत आधीच दुमडून ठेवली होती. त्यांचे पाय धुतले तेव्हा कुणी हसलं नाही.

उपासना संपल्यावर ते चपला शोधत तिच्यापाशी आले. ती झग्याची ओली बाही पिळत होती.

"उद्या वाटेत वधस्तंभ उचलायला हात लावणारा शिमोन कोण?"

"हितेश."

"त्याला म्हणावं, लवकर हात लाव. यंदाचा सागवानी आहे, तुम्हाला झेपायचा नाही."

"झेपेल हो, काका."

"झेपेल, पण पाळकसाहेब म्हणतात बाराला थेट नाटकालाच या. आधी उन्हात तालीम नको करायला."

ते गेले. विनिता बाकावर टेकली आणि सकाळपासून पोटात काही नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिनं कोमलला हाक मारली. "अगं, काही आहे का पर्समध्ये?"

"बिस्किटं आहेत, आई."

"दे इकडं. सगळा पुडा दे."