झुंबरबाईची धनिष्ठा

नळगंगेच्या काठच्या त्या गावात झुंबरबाई जितक्यांदा मरायला टेकली तितक्यांदा दुसरं कोणी टेकलं नसेल. दर महिन्याला टेकायची. पाच दिवस डोळे वर करून पडून राहायची अन् सहाव्या दिवशी सकाळी उठून, पदर खोचून, गोठ्यात शेणाचे हात करायला मोकळी. आजूबाजूच्या गावांत लोक पोळ्याला बैल बघायला जायचे, इथं झुंबरबाईची तब्येत बघायला यायचे.

त्या काळी वऱ्हाड नावाला निजामाचं होतं, हुकूम इंग्रजाचा चालायचा अन् मोठी कचेरी होती नागपूरला. कोणाचं कोण, अन् राहतंय कोणाच्या घरी, याचा कोणाला पत्ता नव्हता. झुंबरबाईचंही अगदी तसंच झालं होतं. नवरा उत्तमराव कपाशीची गाडी घेऊन मलकापूरला गेला, तिथून ताप घेऊन आला अन् आठवड्यात गेला. पोरबाळ नव्हतं. घराचा कारभार धाकटा दीर नारायणराव याच्याकडे आला. नारायणराव तसा वाईट नव्हता, पण चिक्कू असा की जेवताना स्वतःच्या ताटापेक्षा दुसऱ्याच्या भाकरीकडे त्याचं जास्त लक्ष. भावाचं वर्षश्राद्ध झालं अन् त्याच्या मनात आलं की वहिनीनं आता वडनेर भोलजीला भावाकडे जावं, तिकडं तिचं मन रमेल. मन कसलं रमतंय! त्या भावाची बायको अशी होती की तो स्वतःच ओट्यावर बसून जेवायचा. पण नारायणरावाला झुंबरबाईची खोली पाहिजे होती, मुलाचं, पंजाबरावाचं, लग्न काढायचं होतं. झुंबरबाईला हे सगळं कळत होतं. रोज कळत होतं. या घरातून निघालो की आपण कोणाच्याच नाही, एवढं एकच भय तिच्या पोटात बसलं होतं.

तिला हाकलण्यात सगळ्यात जास्त आनंद जावेला होणार, अशी तिची खात्री होती. जाऊ म्हणजे मंजुळाबाई, नारायणरावाची बायको. या दोघींचं लग्नापासून वाकडं. मीठ कोणी जास्त टाकलं इथपासून सुरू झालेलं भांडण अशा थराला गेलं की दोघी एकमेकींशी बोलतच नसत. पण बोलल्याशिवाय संसार कसा चालायचा? म्हणून त्यांनी गोठ्यातली म्हैस मधे घातली होती. "सांग व म्हशी तिले, सरकी संपली," असं एक म्हणायची. "सांग व म्हशी, तिले डोळे देल्ले देवानं," असं दुसरी म्हणायची. म्हैस रवंथ करत दोघींचं ऐकून घ्यायची. घरात तेवढंच एक शहाणं होतं.

निघायचा दिवस आला. गाडी जुंपली, गाठोडं चढवलं. झुंबरबाईनं चाकावर पाय ठेवला अन् तिला खरोखरच भोवळ आली. रात्रीपासून पोटात अन्न नव्हतं, अन् ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडत नव्हता. ती धाडकन पडली. नेमका त्याच वेळी गावाला पंचांग सांगणारा जोशीबोवा ओट्यावर ताक पीत बसला होता. त्यानं मिशा पुसल्या अन् आठवण करून दिली की सकाळपासून पंचक लागलंय, तेव्हा बाईला जरा जपून.

आता पंचक म्हणजे काय, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चंद्र धनिष्ठेत शिरला की तिच्यासकट पाच नक्षत्रं चालून होईस्तोवर पंचक. तेवढ्यात घरात कोणी मेलं तर ते एकटं जात नाही, त्याच घरातली आणखी पाच माणसं ओढून नेतं. त्यावर उतारा म्हणून पिठाचे पाच पुतळे करायचे अन् मुडद्याबरोबर जाळायचे. पण पुतळ्यांवर यमाचं भागलं की नाही, हे विचारून कोण आलंय? नारायणरावानं मनातल्या मनात घरची माणसं धरली. आपण, बायको, पंजाब अन् दोन पोरी. बरोब्बर पाच. त्यानं स्वतःच्या हातानं बैल सोडले.

झुंबरबाईला अंदर नेलं, माजघरात निजवलं. खाली रहेमतुल्ला पिंजाऱ्यानं भरलेली पाहुण्यांची जाड गादी घातली. रहेमतुल्ला पुढं गावभर म्हणत सुटला की असल्या गादीवर माणसाचा मरायचा इरादाच बदलून जातो. दूध आलं, तुपाचा भात आला. सगळं आणून देणारी मंजुळाबाई. अन् म्हैस काही माजघरात येत नव्हती, त्यामुळे दोघींना कित्येक वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर भांडावं लागलं. पाच दिवस मनसोक्त भांडल्या. सहाव्या दिवशी झुंबरबाई उठली तर तिच्या अंगात हत्तीचं बळ.

पुढच्या महिन्यात नारायणरावानं पुन्हा गाडीचा विषय काढला. झुंबरबाईनं जोशीबोवाला गाठून पंचक कधी लागतं ते विचारून ठेवलंच होतं. ती पुन्हा पडली. त्याच्या पुढच्या महिन्यातही पडली. मग गाडीचा विषय निघेनासा झाला. पंजाबरावाच्या लग्नाला नारायणरावानं पडवीला कूड घालून खोली काढली. वर्षं गेली तसा तो स्वतःच जोशीबोवाला विचारून यायचा अन् दारातून सांगायचा, "वहिनी, उद्यापासून लागून राह्यलं. आज दोन घास जास्तीचे खाऊन घ्या."

आपल्याला पोसणारी ही धनिष्ठा दिसते तरी कशी, म्हणून झुंबरबाईनं एकदा कार्तिकात दिवेलागणीला जोशीबोवाकडून बोट करून दाखवून घेतलं. डोक्यावरून जरा मावळतीकडे चार चांदण्यांची चिमुकली शंकरपाळी, अन् तिच्याखाली शेपटीसारखी एक. बस, एवढंच. झुंबरबाईला फारच वाईट वाटलं. पाच-पाच माणसं खाणारी बया निदान सुपाएवढी तरी असावी! "एवढुशी?" ती म्हणाली, "दिसाले अगदी माह्या जावेसारखी आहे."

आता मोठमोठ्या पुस्तकांत लिहितात की त्या शंकरपाळीतली एक चांदणी मुळात एक नाहीच. ते दोन तारे आहेत, दोन्ही आपल्या सूर्याहून थोर, अन् एकमेकांना न सोडता एकमेकांभोवती फिरत राह्यलेत. दुरून बघणाऱ्याला तीळभर उजेड दिसतो. झुंबरबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं अन् कोणी सांगितलं असतं तरी तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं. दिवे लागले की ती फक्त शंकरपाळी बघायची अन् हात जोडायची. घरच्या देवापुढे तिचे हात इतक्या मनापासून कधी जुळले नव्हते.

एकदा मात्र मोठीच फजिती झाली. अधिक महिना होता अन् जोशीबोवा लेकीकडे गेला होता. झुंबरबाईनं आपल्या मनानं हिशेब केला अन् पंचक होऊन गेल्यावर पडली. दुसऱ्या दिवशी जोशीबोवा परत आला अन् ओट्यावर बसून खणखणीत आवाजात म्हणाला की या खेपेचं पंचक तर केव्हाच सरलं. नारायणराव तेव्हा शेतात होता. मंजुळाबाई दारातच उभी होती, तिनं ऐकलं. आत गादीवर झुंबरबाईला घाम फुटला, अन् या वेळचा घाम खरा होता. थोड्या वेळानं मंजुळाबाई दूध घेऊन आत आली. वाटी ठेवली अन् म्हणाली, "प्या. दूध निवून राह्यलं." बाकी काही नाही. झुंबरबाईनं मनात म्हटलं, दुष्ट तर होतीच, आता बहिरीपण झाली, देवाची कृपा.

मग तो कार्तिक आला. कापूस वेचणीचे दिवस. मंजुळाबाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन वावरातून आली, अंगणात बसली अन् उठलीच नाही. ताप चढला, छाती भरली. तिसऱ्या दिवशी तिचा श्वास अंगणापर्यंत ऐकू यायला लागला. जोशीबोवानं नाडी बघितली, आभाळाकडे बघितलं, अन् सांगितलं की आज दुपारपासून पंचक आहे अन् ही काही पंचक काढत नाही.

घरात रडारड झाली. लेकी लग्न होऊन गेल्या होत्या, पण पंजाबरावाला दोन लेकरं झाली होती अन् बायकोला दिवस गेले होते. नारायणरावाचा हिशेब फिरून पाचावरच येत होता. तो खांबाला टेकून रडला, अन् रडतरडतच म्हणाला की तिची बाज गोठ्यात नेऊन टाका, प्राण घराबाहेर गेला तर घराला लागत नाही.

झुंबरबाई ओट्यावर बसून वाती वळत होती. ऐकून तिला आधी बरं वाटलं, खोटं काऊन बोलावं. जन्मभर जिनं डोळे वटारले तिची वरात निघाली होती. तेवढ्यात बाज तिच्या समोरून गेली. गोधडीतून मंजुळेचे पाय बाहेर आले होते, टाचांच्या भेगांत काळी माती तशीच होती. उन्हं उतरली होती, कार्तिकातलं गार वारं सुटलं होतं. तिच्या जागी कोण असायला पाहिजे होतं, हे झुंबरबाईला कोणी सांगावं लागलं नाही. घराबाहेर निघायचं भय आपलं होतं, अन् निघाली दुसरीच. हातातल्या वाती तिथंच टाकून ती आत गेली, गादी ओढून माजघराच्या बरोब्बर मधे घातली अन् तिच्यावर आडवी झाली.

"नारायणराव," तिनं हाक मारली, "मी मरून राह्यली."

नारायणराव धावत आला. वहिनी, आज नको, असं हात जोडून म्हणाला.

"आजच. अन् अठीच, घराच्या मधोमध. मंजुळेले अंदर आणा अन् माह्या बाजूले टाका. नाही आणलं तं दिवा लागायच्या आत मी चालली."

मोठी माय नाटक करून राह्यली, असं पंजाबराव म्हणाला. झुंबरबाईनं डोळे पांढरे केले अन् घशातून असा घर्र आवाज काढला की त्याच्या बायकोनं हंबरडाच फोडला. इतक्या वर्षांचा सराव होता, तो कधी कामी यायचा? तिलाही उचलून गोठ्यात न्यावं म्हणून बाप-लेक पुढं झाले, तर तिनं माजघराच्या खांबाला अशी मिठी मारली की खांब निघाला असता पण बाई निघाली नसती. शेवटी नारायणराव थकून खाली बसला. एक मरणारी घरात राहणारच होती, मग दुसरीला बाहेर ठेवून काय फायदा? बाज आत आली.

झुंबरबाई लगेच उठून बसली. मंजुळाबाईला तिनं गादीवर घेतलं, आपण खाली बसली, अन् तिच्या तोंडात चमच्यानं दूध घालायला लागली. सगळे बाहेर गेल्यावर मंजुळाबाईनं डोळे उघडले.

"बाई, घर्र लई चांगली जमते तुम्हाले."

"चूप बस. दूध पी."

"मले पहिल्यापासून माहीत होतं." श्वास घ्यायला ती थांबली. "वडनेरची गाडी अडावी म्हणून जोशीबोवाले ताक प्याले कोणं बलावलं होतं? पंचक सरल्यावर तुम्ही पडल्या, तवाही मीच दूध आणलं होतं ना?"

झुंबरबाईनं चमचा वाटीत ठेवला. इतकी वर्षं ती समजत होती की सगळ्या घराला आपण बनवलं. "काऊन व मंजुळे?" तिनं विचारलं. "तुले तं मी डोळ्यासमोर नको होती."

"तुम्ही गेल्या असत्या तं मी कोणाशी भांडली असती?" मंजुळाबाई म्हणाली. "म्हशीशी?"

झुंबरबाई रडली. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती एवढी रडली, अन् रडतारडता मंजुळेला शिव्या देत राहिली, की हे आधी काऊन नाही सांगितलं.

पंचकाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई गेली. घरात, माजघरात, जाड गादीवर. पुतळ्यांचं पीठ झुंबरबाईनंच मळलं. यमाला कमी पडू नये म्हणून जरा मोठे करा, असं नारायणराव तीन वेळा सांगून गेला. तिनं पाच पुतळे केले, एकाला मुद्दाम नारायणरावाचं नाक दिलं. मग उरलेल्या पिठाची एक लहानशी म्हैस केली अन् पुतळ्यांच्या बाजूला ठेवली. जोशीबोवा चिडला. हे कोणत्या शास्त्रात आहे, असं विचारायला लागला. झुंबरबाई म्हणाली की तिकडे गेल्यावर मंजुळेनं कोणाच्या मधातून बोलायचं? यमाकडे रेडा आहे की, असं जोशीबोवा म्हणाला.

"रेड्याले बायांचं काय समजते?" झुंबरबाई म्हणाली, अन् पिठाची म्हैस मंजुळेबरोबर गेली.

घरातलं आणखी कोणी गेलं नाही. पंजाबरावाची बायको सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. पुतळे मोठे केले म्हणून वाचलो, असं नारायणराव सांगायचा. जोशीबोवा काय सांगायचा ते सांगायला नको.

पुढच्या पंचकाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी झुंबरबाई गोठ्यात धार काढत होती. मावळतीला चंद्राची कोर होती, तिच्या वरती ती एवढुशी शंकरपाळी निघाली होती. नारायणराव सवयीनं येऊन दारात उभा राहिला. उद्यापासून लागून राह्यलं, गादी टाकू का, असं त्यानं हळूच विचारलं.

झुंबरबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग व म्हशी याले," ती म्हणाली, "पडाले काय, मी आत्ता पडतो. पण दूध घेऊन भांडाले कोण येईन?"