पाल म्हणजे दूध

माझी मुलगी मुकी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं आठवलं की माझं डोकं भडकतं आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं.

ती चालायला लागली आणि कोरोनात कुंभकोणम् बंद झालं. नवऱ्याचं औषधांचं दुकान मोठ्या तळ्याकाठी, ते तेवढं उघडं. पोरीला काही होऊ नये म्हणून तो गच्चीवरच्या खोलीत राहायचा, जेवणाचं ताट मी जिन्यात ठेवायचे. खाली आम्ही दोघी. समोरच्या घरातल्या मुलींच्या मागे धावत ती आपसूक तमिळ शिकली असती, जशी मी शिकले, माझी आई शिकली. पण त्या मुलीही बिचाऱ्या जाळीच्या दाराआड कोंडलेल्या. दूधवालासुद्धा पिशवी फाटकाला अडकवून पळायचा.

टीव्हीवर रोज एक शहाणा यायचा. मुलांना मोबाईल देऊ नका, त्यांच्याशी बोला, गोष्टी सांगा. अरे बाबा, मग भांडी कोण घासणार, तुझा काका? तरी मी बोलले. घसा बसेपर्यंत बोलले. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्या लोकांचं आमचं जुनं मराठी, ज्याला पुण्याची नातेवाईक मंडळी फोनवर खो खो हसतात, ते तिला भरभरून दिलं. मज, तुज, कोठें, कैसें. पोर काय बोलायची म्हणून सांगू! मुंग्यांना दटावायची. जिन्यात उभी राहून वर बापाला दिवसभराची खबर द्यायची, आणि तो गच्चीच्या दारात बसून 'मग? मग काय झालें?' करत ऐकायचा. फक्त भिंतीवरच्या पालीला जाम भ्यायची. नुसतं 'पाल' म्हटलं की माझ्या पदरात शिरायची.

मग शाळा उघडल्या. नाव घालायला घेऊन गेले.

बाई प्रेमळ होत्या, तेच तर दुखणं. स्वतःला कॉफी मागवली आणि पोरीपुढे पेला सरकवून म्हणाल्या, "पाल कुडी, कण्णे." दूध पी, राजा. तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात. हे मला ठाऊक, तिला कुठून ठाऊक असणार? तिने पेल्यात वाकून बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि "पाल नको! मज पाल नको!" करत अशी किंचाळली की पेला थेट बाईंच्या साडीवर.

मी हसत हसत सगळं उलगडून सांगितलं. वाटलं, त्याही हसतील. त्यांनी साडी पुसली.

"सगळ्या आया असंच सांभाळून घेतात," त्या म्हणाल्या. "कोरोनातली मुलं मागेच पडलीत हो. ही दुधाला घाबरते, काही विचारलं तर उत्तर नाही. घरात ती दुसरी भाषा आधी बंद करा. सुट्टीनंतर आणा, मग बघू."

तळपायाची आग मस्तकात गेली. बोला बोला म्हणून टीव्हीवाले वर्षभर कानीकपाळी ओरडले, आणि बोललो तर म्हणे बंद करा! आणि 'दुसरी भाषा' म्हणे! माझ्या घरात ती पहिली आहे, तुमच्या घरात दुसरी असेल. हे सगळं मला रिक्षात सुचलं. बाईंच्या समोर मी मान डोलावून आले होते, याचाही राग येतो.

घरी येऊन नवऱ्यावर ओतलं. तो म्हणाला, "अगं, भांडून जागा मिळणार आहे का? करू त्या म्हणतात तसं. मराठी कुठे पळून जातंय?"

त्या रात्री पोरीने गोष्ट मागितली. मी तमिळमध्ये सुरू केली. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "अशी नको," म्हणाली. "बरी बोल." मी हात बाजूला करून तमिळमध्येच पुढे सांगत राहिले. थोड्या दिवसांनी गोष्ट मागणं थांबलं. जिन्यातली खबर थांबली. मुंग्यांनाही कोणी दटावेना. ती मुकी नव्हती, आम्ही केली.

शाळेत जागा मिळाली. आता पोरगी मोठ्या वर्गात आहे, तमिळ अशी झाडते की समोरच्याने कान झाकावेत. त्याच बाई भेटल्या की म्हणतात, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मी गोड हसते आणि मनातल्या मनात त्यांच्या साडीवर आणखी एक पेला ओतते. घरी मी केव्हाच मराठीवर परत आले. ती ऐकते, न ऐकल्यासारखं करते, आणि तमिळमध्ये उत्तर देते.

परवा ओट्यामागून पाल पडली, थेट माझ्या पायावर. मी ओरडले, "पाल! अगं, पाल!"

ती पुस्तक टाकून धावत आली. चेहऱ्यावर काळजी. "पाला, अम्मा?" म्हणाली. "सूडा वेणुमा?" दूध का, गरम हवंय का, असं विचारत होती. आणि तिने फ्रिजमधून दुधाचं भांडं काढलंसुद्धा.

नवरा दारात उभा राहून पोट धरून हसायला लागला.

"हसू नकोस," मी म्हटलं. "कुठे पळून जातंय, विचारत होतास ना? गेलं बघ."